मधल्या सुट्टीत एकटं कोण बसतं? शाळेत आपुलकी रुजवण्याची रीत

जूनचा दुसरा आठवडा. बाहेर धो धो पाऊस, व्हरांड्यात ओल्या छत्र्या आणि रेनकोट, आणि माध्यान्ह आहाराच्या पाव-भाजीसाठी मुलांची रांग. ज्याला ताटली मिळाली तो आपल्या टोळक्यात जाऊन बसतो. एक मूल मात्र ताटली हातात धरून उभं राहतं. त्याला कोणी मारलेलं नसतं, शिवी दिलेली नसते. फक्त कोणी सरकून जागा केलेली नसते.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या मराठी शाळांतून 22 वर्षं शिकवते आहे. असं उभं राहणारं मूल मला दर वर्षी दिसलं. सुरुवातीची कितीतरी वर्षं त्यावर माझा उपाय एकच असायचा, बोलण्याचा. प्रार्थनेनंतर सुविचार, मग एखादी गोष्ट, शेवटी "सगळ्यांशी प्रेमाने वागा". मुलं माना डोलवायची आणि सुट्टीत पुन्हा तेच. मुलांचं मन वाईट नव्हतं. नेमकं काय करायचं आणि कधी करायचं हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं, आणि आमच्या वर्गाची मांडणी अशी होती की दुसऱ्याच्या उपयोगी पडायची वेळच कुणावर येत नव्हती. म्हणून हा लेख उपदेशाचा नाही, मांडणीचा आहे. पहिली ते सातवीच्या वर्गांत यातलं बहुतेक सगळं मी करून पाहिलेलं आहे.

शब्द जपून निवडा

"दया करा" असं मुलांना सांगू नका. मराठीत दया वरून खाली येते. करणारा मोठा आणि घेणारा बिचारा ठरतो. ज्याच्यावर दया झाली त्या मुलाला ते लगेच कळतं आणि बोचतं. वर्गात मी "विचारपूस", "सोबत", "जागा करणं", "वाटून घेणं" असे शब्द वापरते. हे सगळे कामाचे शब्द आहेत, मूल ते उद्या सकाळी करू शकतं. शिवाय आपल्याकडे एक शब्द आधीच घराघरांत आहे. कुणी मदत केली की गोव्यात "देव बरें करूं" म्हणतात. मराठी शाळेतल्या मुलांच्या तोंडीही ते सहज बसतं, कारण आजी-आजोबांकडून ते कानावर पडलेलं असतं. वर्गातलं "थँक्यू" बंद करायची गरज नाही, पण आहार वाढणाऱ्या ताईला एखादा मुलगा "देव बरें करूं" म्हणाला की तिचा चेहरा कसा बदलतो ते मुलांना एकदा पाहू द्या.

पहिले दोन आठवडे: फक्त बघा

घाई करून काही सुरू करू नका. आधी शाळेतल्या अवघड जागा कोणत्या ते शोधा, कारण वर्गात आपल्यासमोर सगळी मुलं शहाणी असतात. पाण्याचा नळ, स्वच्छतागृहाची वाट, आहाराची रांग, बालरथातली (शाळेच्या बसमधली) मागची बाकं, पी.टी.साठी संघ पाडायची वेळ या जागा आपण क्वचितच बघतो. रोज 10 मिनिटं यातल्या एका जागी उभं राहा. हातात वही नको, नंतर लिहा.

मग मुलांकडून शाळेचा नकाशा काढून घ्या. कोऱ्या कागदावर शाळा काढायची, जिथे छान वाटतं तिथे हिरवा खडू आणि जिथे जायला नको वाटतं तिथे लाल. कागदावर नाव घालायचं नाही. पहिलीतलं मूलसुद्धा हे करू शकतं, आणि तोंडाने जे कधी सांगणार नाही ते लाल खडूने सांगतं. माझ्या एका वर्गात जवळजवळ प्रत्येकाने नळाभोवती लाल रंग फासला होता. मी तिथे जाऊन उभी राहिले तेव्हा कळलं, की मोठ्या वर्गातली दोघं लहानांच्या बाटल्यांतलं पाणी ओतून देत आणि पुन्हा रांगेत मागे पाठवत. शिक्षकखोलीपासून तो नळ 20 पावलांवर होता. मोठ्यांची आणि लहानांची पाण्याची वेळ वेगळी केल्यावर अर्धा प्रश्न तिथेच मिटला.

दुसरी चिठ्ठी अशी: "तुला कुणाशेजारी बसायला आवडेल? दोन नावं लिही." नावडत्याचं नाव कधीही विचारू नका, ते लिहून घेणं म्हणजे आपणच त्या मुलावर शिक्का मारणं. चिठ्ठ्या घरी नेऊन मोजा. ज्याचं नाव एकाही चिठ्ठीत नाही, ती तुमची या वर्षीची मुलं. ही यादी कुणालाही दाखवायची नाही, सहकारी शिक्षकांच्या गप्पांतही नाही.

जागा बदला

या यादीचा पहिला उपयोग बाकं बदलताना होतो. एकट्या मुलाला वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाशेजारी बसवायची आपल्याला सवय असते. मला ते पटत नाही. हुशार मूल बहुधा त्याचं मास्तर होऊन बसतं. त्यापेक्षा त्याने चिठ्ठीत ज्याचं नाव लिहिलं आहे आणि जो स्वभावाने शांत आहे, अशाशेजारी बसवा. दर 3 आठवड्यांनी सगळ्यांचीच बाकं फिरवा, म्हणजे कुणासाठी काही खास केलं आहे असं दिसत नाही.

खेळात "दोन कप्तानांनी आपापले गडी निवडा" ही पद्धत बंद करा. शेवटी उरणारं मूल दर वेळी तेच असतं आणि ते सगळ्यांच्या देखत उरतं. चिंचोके उचलून किंवा अंक मोजून संघ पाडा. यावर दोन मिनिटं जातात आणि फार मोठा अपमान वाचतो.

"भायलो" आणि "घाटी"

गोव्याच्या शाळेत आपुलकीविषयी बोलायचं आणि हे टाळायचं, हे मला प्रामाणिक वाटत नाही. आपल्या सरकारी प्राथमिक शाळांत आज कितीतरी मुलं कर्नाटकातून, महाराष्ट्रातून, उत्तरेकडून कामाला आलेल्या घरांतली आहेत. काही शाळा या मुलांमुळेच उघड्या राहिल्या आहेत. ही मुलं घरी कन्नड, लमाणी किंवा हिंदी बोलतात, वर्गात मराठी शिकतात आणि मैदानावर कोकणी ऐकतात. सहा-सात वर्षांच्या वयात तीन भाषा पेलणारं हे मूल "भायलो" (बाहेरचा) किंवा "घाटी" ठरतं, कारण हा शब्द आपली मुलं घरून, दुकानातून, बसमधून घेऊन येतात.

हा शब्द कानावर पडला की लगेच, तिथल्या तिथे, आवाज न चढवता थांबवा. मी एवढंच म्हणते: "त्याला नाव आहे. नावाने हाक मार." भाषण नको, कारण भाषण दिलं की सगळा वर्ग त्या मुलाकडे वळून बघतो आणि त्याची दुसऱ्यांदा फजिती होते. ज्याने शब्द वापरला त्याच्याशी नंतर एकांतात बोला. शब्द कुठे ऐकला ते विचारा, रागावू नका. बहुतेकदा त्याला त्याचा अर्थही माहीत नसतो.

नावांवर पहिल्याच आठवड्यात मेहनत घ्या. नव्या मुलाचं नाव त्याच्या आईकडून नीट ऐकून घ्या आणि हजेरी घेताना तसंच उच्चारा. सोयीसाठी त्याचं सोपं नाव पाडू नका. बाईच नाव मोडून-तोडून म्हणत असतील तर मुलं का नाही म्हणणार?

मग त्या मुलाला देणारा होऊ द्या. आमच्या तिसरीच्या वर्गात एका मुलीने सगळ्यांना कन्नडमधून आकडे शिकवले: ओंदू, एरडू, मूरू, नाल्कू, ऐदू. पुढचा आठवडाभर मैदानावर लपंडावाचे आकडे कन्नडमध्ये मोजले जात होते. तोवर ती बोलत नाही म्हणून तिला काही येत नाही असं आम्ही सगळे, मीसुद्धा, धरून चाललो होतो.

एकमेकांवाचून अडेल असं काम द्या

गटकाम म्हणजे चौघांना एकत्र बसवून एक तक्ता देणं नव्हे. त्यात एक लिहितो, दोघं बघतात आणि चौथा बाहेर ढकलला जातो. याला चांगला पर्याय 1971 साली अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने शोधला. तिथे तोवर वेगवेगळ्या शाळांत शिकणारी गोरी, काळी आणि मेक्सिकन मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि भांडणं विकोपाला गेली होती. त्याने धडा तुकड्यांत वाटला. प्रत्येक मुलाकडे एकच तुकडा, त्यामुळे दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कुणाचाच धडा पुरा होईना.

आपल्याकडे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आधी माटोळीचा (गणपतीच्या वर फळं-फुलं बांधून टांगतात त्या चौकटीचा) विषय यासाठी फार सोयीचा आहे. समजा वर्गात 20 मुलं आहेत.

1. पाच-पाच मुलांचे 4 गट करा. कुणाला कुठे घालायचं ते तुम्ही ठरवा. जिवलग मित्र वेगवेगळ्या गटांत.
2. प्रत्येक गटातल्या पाच जणांना पाच वेगळे विषय द्या: सुपारीचा घड, नारळ, तोरंजन, चिबूड, कवंडाळ. प्रत्येकासाठी चार-पाच ओळींची चिठ्ठी किंवा चित्र तयार ठेवा. ज्याला वाचायला जड जातं त्याला चित्राची चिठ्ठी द्या.
3. आता एकाच विषयाची चौघं एकत्र बसतील. आपली वस्तू कुठे उगवते, कधी पिकते, घरात कोण आणतं हे 15 मिनिटं आपसांत बोलतील आणि दुसऱ्याला कसं सांगायचं ते ठरवतील. लाजरं मूल इथेच तयार होतं, म्हणून ही पायरी गाळू नका.
4. मग सगळे मूळ गटात परततील. प्रत्येकाने 3 मिनिटं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकून लिहायचं.
5. शेवटी पाचही विषयांवर छोटी चाचणी, प्रत्येकाची स्वतंत्र.

पहिल्या वेळी गोंधळ होतो. "बाई, हा नीट सांगतच नाही," अशी तक्रार येते. तेव्हा आपण सांगून मोकळं व्हायचं नाही. "मग त्याला प्रश्न विचार, त्याला माहीत आहे," असं म्हणायचं. चार-पाच वेळा केल्यावर मुलं आपोआप धीराने विचारू लागतात. ज्यांच्या घरी माटोळी बांधत नाहीत त्या मुलांना वगळलं जाणार नाही याकडेही लक्ष असू द्या. त्यांच्या घरच्या सणाला काय बांधतात, काय रांधतात, तो पुढच्या वेळचा विषय.

आठवड्याला तीन कामं, आणि बक्षीस नाही

कॅनडातल्या व्हँकूवरमध्ये 9 ते 11 वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग 2012 साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना 4 आठवडे दर आठवड्याला दुसऱ्यासाठी तीन चांगल्या गोष्टी करायला सांगितल्या, बाकीच्यांना तीन ठिकाणी जाऊन यायला. आनंद दोघांचाही वाढला. पण चांगल्या गोष्टी करणारी मुलं वर्गातल्या जास्त मुलांना हवीहवीशी वाटू लागली. म्हणजे यात करणाऱ्याचाही फायदा आहे.

हे वर्गात करणं सोपं आहे. वहीच्या मागच्या पानावर दर शुक्रवारी तीन ओळी: काय केलं, कुणासाठी केलं. पान जाहीर वाचायचं नाही, गुण नाहीत, शेरा नाही. वाचून तुम्ही फक्त तारीख टाका. सुरुवातीला "पेन्सिल दिली, पेन्सिल दिली, रबर दिला" असंच येईल. येऊ द्या. तिसऱ्या आठवड्यात एखादं मूल लिहितं, "बालरथात ती रडत होती, मी खिडकीची जागा दिली," आणि आपल्याला कळतं की ते बघायला शिकलं.

बक्षिसाचा मोह टाळा. मी तो टाळला नव्हता. भिंतीवर तक्ता लावून दर सोमवारी "मायाळू विद्यार्थी" म्हणून एकाला चांदणी द्यायचे. महिन्याभरात मुलं एकमेकांच्या पेन्सिली मुद्दाम खाली पाडू लागली, म्हणजे उचलून देता येतील, आणि देताना त्यांची नजर माझ्याकडे असायची. एका आईने मला विचारलं, "माझ्या मुलाला अजून चांदणी नाही, तो वाईट आहे का?" त्या दिवशी मी तक्ता काढला. पुढे वाचनात आलं, की वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 मध्ये जेमतेम 20 महिन्यांच्या मुलांत हेच पाहिलं होतं: मदतीबद्दल खेळणं मिळालेली मुलं नंतर, काही मिळणार नाही असं दिसल्यावर, कमी मदत करू लागली. कौतुक जरूर करा, पण हळू आवाजात, त्या मुलापुरतं आणि नेमकं: "तू सरकून जागा केलीस, ते मी बघितलं."

बघ्यांना तयार करा

छळणारा एक असतो, सोसणारा एक असतो आणि आजूबाजूला दहा जण असतात. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेला आणि 2009 पासून तिथल्या शाळांत पसरलेला किवा नावाचा कार्यक्रम या दहा जणांवरच भर देतो, कारण त्यांच्या हसण्यावर छळणाऱ्याचा जोर चालतो.

गोव्यातल्या शिक्षकाला यासाठी वेगळं प्रशिक्षण लागत नाही. जत्रेच्या, काल्याच्या निमित्ताने गावोगावी नाटकं होतात, मुलं ती जागून बघतात आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर करून दाखवतात. तोच गुण वापरा. पाच मिनिटांचा प्रसंग घ्या: बालरथात नवा मुलगा चढतो आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "हांगा बसूं नाका" (इथे बसू नकोस). छेडणाऱ्याची भूमिका तुम्ही स्वतः करा, मुलाला ती दिली तर ती त्याला चिकटते. ज्याला खरोखर त्रास होतो आहे त्याला त्रास सोसणाऱ्याची भूमिका तर कधीच देऊ नका. बघ्यांनी तीनपैकी एक गोष्ट करायची: न हसता गप्प राहायचं, किंवा त्या मुलाला "इथे ये" म्हणून हाक मारायची, किंवा उतरल्यावर मोठ्या माणसाला सांगायचं. थेट भांडायला जाण्याचं धैर्य प्रत्येकात नसतं आणि ते मागूही नये.

सांगणं म्हणजे चुगली, हा समज इथेच काढून टाकावा लागतो. मी मुलांना असं सांगते: कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगितलं तर ती चुगली, कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगितलं तर ती मदत. लहान मुलांनाही हा फरक बरोबर कळतो.

भांडण झाल्यावर

"सॉरी म्हण, हात मिळव, जा बस." हे आपण घंटा व्हायच्या आत उरकतो आणि दोन्ही मुलांना त्यातलं खोटेपण जाणवतं. आधी दोघांना वेगवेगळं शांत होऊ द्या. पाणी प्यायला पाठवा. मग एकेकाला तेच चार प्रश्न विचारा: कितें जालें? तेव्हा तुझ्या मनात काय होतं? कुणाला लागलं, कशाने लागलं? आता ते नीट करायला तू काय करशील? कोकणीत विचारलं तरी चालेल, मूल ज्या भाषेत रडतं त्याच भाषेत विचारा. वही फाडली असेल तर सुट्टीत बसून गमावलेला धडा उतरवून देणं हे तोंडदेखल्या माफीपेक्षा कितीतरी खरं. समोरच्याने लगेच क्षमा केलीच पाहिजे अशी सक्ती मात्र नको.

आपलं वागणं

गुण मोठ्याने वाचून दाखवणं, फी किंवा कागदपत्रं राहिली म्हणून वर्गात उभं करणं, "तुझा भाऊ बरा होता" असं म्हणणं, शरीरावरून हाक मारणं. मुलं टोमणे कुणाकडून शिकतात ते शोधताना मला काही वेळा माझीच वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकू आली. शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) 17व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, आणि शाळेतल्या मारझोडीला तर गोव्याच्या 2003च्या बालहक्क कायद्याने त्याआधीच बंदी घातली. तरी "माझ्या धाकामुळेच वर्ग शांत आहे" असं म्हणणारे सहकारी आपल्या सर्वांना भेटतात. तुमचं चुकलं तर वर्गासमोर "माझं चुकलं, मी उगाच ओरडले," असं म्हणा. मुलं हे वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

बालरथाचा चालक, मदतनीस ताई आणि आहार आणणाऱ्या महिला मंडळाच्या बायका यांना पहिल्याच महिन्यात चहाला बोलवा. वर्गाबाहेरचं सगळं त्यांना दिसतं, आणि आपण त्यांना कधी विचारत नाही. पालक-शिक्षक संघाच्या सभेत मुलांच्या नावांनिशी काही बोलू नका, घरी रोज "आज किती गुण?" याच्या जोडीला "आज कुणाबरोबर जेवलास?" एवढं विचारा, असं सांगा.

जिथे आपुलकी पुरत नाही

एकाच मुलाला पुन्हा पुन्हा, बलवान मुलाकडून किंवा टोळक्याकडून त्रास होत असेल तर तो छळ आहे, भांडण नव्हे. तिथे दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवू नका. दुबळा घाबरून हो म्हणतो आणि बाहेर गेल्यावर दुप्पट सोसतो. आधी त्याला सुरक्षित करा, तारखांसह लिहून ठेवा, मुख्याध्यापकांना लेखी कळवा, समुपदेशकाची मदत घ्या. अंगावर खुणा, अचानक गप्प होणं, शाळेत किंवा घरी जायची भीती दिसली तर 1098 ही मुलांसाठीची मोफत हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर स्वतः चौकशी करत बसू नका. मुलाचं शांतपणे ऐका, "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा आणि लगेच पोलिसांना कळवा. पॉक्सो कायद्याने (2012) ते आपल्यावर बंधनकारक आहे, शाळेच्या नावाची काळजी त्याआड येऊ शकत नाही.

पुन्हा नकाशा

चवथीच्या सुट्टीनंतर एकदा आणि जानेवारीत एकदा तोच लाल-हिरवा नकाशा पुन्हा काढून घ्या. चिठ्ठ्याही. पहिल्या कागदांशी ताडून बघा: लाल डाग हलले का, कोऱ्या राहिलेल्या नावांपैकी किती आता कुणाच्या तरी चिठ्ठीत आली. काही वर्षी माझ्या यादीतलं एखादं मूल शेवटपर्यंत तिथेच राहिलं आहे. वर्ष संपताना अशा मुलांविषयी पुढच्या वर्गाच्या बाईंना मी एक चिठ्ठी देते. त्यात तक्रारी नसतात. त्याचं नाव कसं उच्चारायचं, त्याला काय येतं, कुणाशेजारी बसल्यावर तो हसतो, आणि पहिल्या दिवशी पाव-भाजीच्या रांगेत त्याच्यासाठी जागा कुणाला करायला सांगावी, एवढंच लिहिते.